तलावाचे पाणी हिरवे का होते?



भंडारा हा तलावांचा जिल्हा होय. सातपुड्याच्या रांगेतील आंबागडपासून दक्षिणेस लाखांदूरपर्यंत जुने मालगुजारी तलाव आढळतात. १९५१ साली मालगुजारी संपली. परंतु भातशेती, गुरेढोरे आणि ढिवर बांधवांची मासेमारी यांचा या तलावांशी असलेला संबंध कायम राहिला.

उन्हाळ्यात पाणी हिरवे होऊन दुर्गंधी सुटली, की दोष उन्हाला दिला जातो. ऊन हे निमित्त आहे. मूळ कारण पाण्यात साचलेले स्फुरद व नत्र हे होय.

ही द्रव्ये बेताची असतात, तेव्हा डायाटम व हरित शैवालांच्या अनेक जाती थोड्या थोड्या प्रमाणात नांदतात. त्यांच्यावर सूक्ष्म जलचर आणि जलचरांवर माशांची पिल्ले पोसली जातात. स्फुरद वाढले, की नीलहरित शैवालांचे प्राबल्य होते. त्यांतील काही जाती हवेतील नत्र बांधून घेतात. काही पृष्ठभागावर तरंगून खालच्या शैवालांचा प्रकाश अडवितात. अशा रीतीने शेवाळ वाढते, पण त्याच्या जाती घटतात. रात्री श्वसनासाठी आणि मेल्यावर कुजताना हे शेवाळ पाण्यातील प्राणवायू खर्च करते. म्हणूनच मासे बहुधा पहाटे मरतात. काही जातींचे विष गुरांनाही घातक ठरते.

कॅनडात १९७३ साली एका तळ्याचे पडद्याने दोन भाग करण्यात आले. दोन्ही भागांत कार्बन व नत्र मिसळण्यात आले. स्फुरद मात्र एकाच भागात. तोच भाग शेवाळाने हिरवा झाला.

यावरून ग्रामपंचायतींचे कर्तव्य स्पष्ट होते. सांडपाणी शोषखड्ड्यांत जिरवावे, उकिरडे पाळीपासून दूर न्यावेत, मुसळधार पावसाच्या तोंडावर खत टाकू नये. गाळात साठलेले स्फुरद प्राणवायू संपताच पुन्हा पाण्यात उतरते. म्हणून गाळ काढून शेतात पसरण्याची जुनी रीत मोलाची आहे. २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेनेही हीच दिशा धरली. मात्र सांडपाणी चालूच राहिल्यास या श्रमाचे फळ टिकणार नाही.

शिक्षकांनी दोरीला बांधलेली पांढरी थाळी दरमहा पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते, याची नोंद विद्यार्थ्यांकडून ठेवून घ्यावी. खोली घटू लागली, तर तो वेळीच मिळालेला इशारा समजावा. शेताचे खत शेतातच राहिले, तर पीक आणि मासळी दोन्ही गावाच्या पदरात पडतील.