अंगठ्याचे मोल
(मंडळाच्या व्याख्यानसत्रातील भाषण)



घरापासून दूर राहणाऱ्या आपणां सर्वांना पैसा घरी पोहोचविण्याची विवंचना ठाऊक आहे. एके काळी गिरणगावातील कामगार कोकणात मनीऑर्डर धाडी, तेव्हा सारे घर पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसे. आज सॉल्ट लेकमध्ये बसून आपण गावी क्षणार्धात मोबाइलवरून पैसे पाठवितो. परंतु पैसा पोहोचला म्हणजे बँक पोहोचली, असे नव्हे. ज्याचा पैसा, त्याला तो स्वतःच्या अधिकाराने ठेवता व काढता आला पाहिजे.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. श्रीमती चेतना गाला सिन्हा यांनी माणदेशातील कष्टकरी स्त्रियांसाठी बँक काढण्याचे योजिले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. कारण प्रवर्तकांत निरक्षर स्त्रिया होत्या. त्या खचल्या नाहीत. त्यांनी अक्षरे गिरविली आणि अधिकाऱ्यांपुढे व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखविण्याची तयारी ठेविली. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. मजुरी बुडवून शाखेत येणे बायकांना परवडेना, म्हणून बँकच त्यांच्या दारी गेली. पुढे यंत्रे आली व गुप्त क्रमांकाची सूचना निघाली, तेव्हा बायकांनीच हरकत घेतली : आकडा कोणीही काढून घेईल, अंगठा कोण चोरणार? 'अंगठाबहाद्दर' म्हणून ज्यांना हिणविले जाई, त्यांचा अंगठाच तिजोरीची किल्ली ठरला!

केनियात २००७ साली सुरू झालेल्या 'एम-पेसा'ने साध्या मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सोय केली. आपल्याकडे २०१४ मध्ये जनधन योजना आली आणि २०१६ मध्ये यूपीआय. सूक्ष्मकर्ज देणारी संस्था म्हणून २००१ मध्ये आरंभ झालेली 'बंधन' २०१५ मध्ये बँक झाली. तिचे मुख्यालय तर आपल्याच सॉल्ट लेकमध्ये आहे.

तथापि यंत्र सर्वशक्तिमान नाही. कष्टाने झिजलेल्या बोटाची रेषा त्याला कधी कधी उमगत नाही; आणि मोबाइलवर आलेला गुप्त आकडा भोळेपणाने परक्यास सांगितला, तर वर्षाची पुंजी क्षणात जाते.

म्हणून आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे. आपल्या घरी कामास येणाऱ्या भगिनीचा व्यवहार आपण परस्पर उरकून देतो. त्याऐवजी घटकाभर तिला शेजारी बसवून तो शिकवू या. गावच्या वृद्ध आईसही फोनवर तेच समजावू या. किल्ली तिची, तर कुलूपही तिनेच उघडावे.