बाबांचा उजवा हात

(सहभागी सभासदांच्या मेळाव्यात आरोग्य विभागातील एका परिचारिका भगिनीने केलेले भाषण)



मला आरोग्यकामाचा अहवाल द्यायला सांगितलं होतं. तो छापील आहे, आपण वाचालच. मी आज माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण तिच्यात माझी एक चूक आहे आणि ती पुष्कळांच्या घरी होते.

आमचं घर जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर. तीन वर्षांपूर्वी आवणीच्या दिवसांत न्याहारी करताना बाबांच्या हातातली भाकर गळून पडली. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू लुळी पडली. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी ‘आता बरं वाटतं’ म्हणून सोडल्या होत्या. पाड्यावरचे म्हणाले, वारं गेलंय. कुणी तेल चोळलं, कुणी भगताला बोलावलं. १०८ ची गाडी मागवेपर्यंत दुपार झाली. रक्ताच्या गुठळीमुळे लकवा झाला असेल, तर ती विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते तास निघून गेले होते.

बाबा वाचले. महिन्याभरात काठी घेऊन चालू लागले. हात मात्र तसाच. मी रजा काढून घरी आले. त्यांना घास भरवले, अंघोळ घातली, सदऱ्याची बटणं लावली. शेजारणी म्हणायच्या, लेक असावी तर अशी. मलाही ते ऐकून बरं वाटायचं. दोन महिन्यांत बाबांचा हात छातीशी आखडला, बोटं मिटत चालली.

मग आम्ही त्यांना फिजिओथेरपीच्या ताईंकडे नेलं. त्यांनी हात तपासला. मनगट थोडं वर उचललं जात होतं, बोटं किंचित हलत होती. ताई मला म्हणाल्या, “सिस्टर, या हातात जीव आहे. तुम्हीच त्याला काम करू देत नाही.”

त्यांनी समजावलं ते असं. लकव्यानंतर माणूस दुखरा हात वापरून पाहतो, जमत नाही, म्हणून चांगल्या हाताने काम उरकतो. हळूहळू मेंदूला त्या हाताचा विसरच पडतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाऊब यांनी यावर उपाय काढला: चांगल्या हाताला मोजा घालून अडवायचं आणि अधू हाताकडून काम करून घ्यायचं. २००६ साली २२२ रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला. पण ज्यांची बोटं-मनगट थोडी तरी हलतात, त्यांच्यासाठीच हा उपाय आहे, आणि तोही तज्ज्ञांना विचारूनच.

आम्ही बाबांच्या डाव्या हाताला जाड लोकरी मोजा चढवला. तोही बसून काम करतानाच. चालताना नाही, कारण काठी त्याच हातात. आधी पाट पुसणं, पेला सरकवणं, खडे उचलून वाटीत टाकणं. चार दिवसांनी बाबांनी वाटी भिरकावली. “मी काय पोर आहे, खडे खेळायला?” म्हणाले आणि रडले. मीही बाहेर जाऊन रडले.

तोडगा आईने काढला. नाताळाच्या सुमारास वालाच्या शेंगा आल्या. तिने टोपली त्यांच्यापुढे ठेवली. “रातची भाजी तुम्ही सोलाल त्याचीच. नाही सोलल्या तर कोरडी भाकर.” त्या रात्री आम्ही सगळ्यांनी मूठभर दाण्यांचं पाणीदार कालवण खाल्लं. दुसऱ्या दिवशी दाणे थोडे जास्त निघाले. उन्हाळ्यात बाबा मोहाची फुलं निवडायला बसले. घराला त्यांच्या हाताची गरज आहे, हे त्यांना कळलं होतं.

काही गोष्टी जपाव्या लागतात. रुग्णाला उठवताना अधू हात ओढू नये, खांदा निखळतो. बसल्यावर हाताखाली उशी द्यावी. गरम विटेने शेकू नये; चटका कळत नाही आणि कातडी भाजते. मिटलेली बोटं झटक्याने उघडू नयेत. गोळ्या बंद करू नयेत.

आज बाबा उजव्या हाताने पाण्याचा पेला धरतात, भाकर मोडतात. बटणं अजून जमत नाहीत. कोयता त्यांनी भावाकडे दिला, तो कायमचाच.

घरच्यांच्या प्रेमाने सगळं होतं, असं मी म्हणणार नाही. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या सहभागाने आपल्या देशातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांचा अभ्यास झाला. घरच्यांना व्यायाम शिकवले होते. २०१७ साली निष्कर्ष आला: सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व त्यामुळे कमी झालं नव्हतं. मला एवढंच कळतं की एकदा शिकवून भागत नाही. आमच्याकडे ताई पुन्हा पुन्हा पाडा चढून आल्या, चुका सुधारत राहिल्या. तुमच्या देणगीतून असा कुणीतरी दारापर्यंत येतो, तेव्हा त्याचं मोल काय असतं, ते मी घरात पाहिलंय.

मार्काच्या तिसऱ्या अध्यायातला वाळल्या हाताचा माणूस आपल्याला ठाऊक आहे. प्रभूने त्याला हात लांब करायला सांगितलं. आजूबाजूच्या कुणी तो त्याच्यासाठी लांब केला नाही. त्याने स्वतः केला. मी दोन महिने बाबांना ती संधीच दिली नव्हती.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्यापुढे शेंगांची टोपली ठेवा. आणि घाई करू नका, भाजीला उशीर झाला तरी चालेल.