आधी गंज, मग रंग

मैत्रिणींनो, कामं आटपली का? ज्यांचा भात चुलीवर असेल त्यांनी आच जरा कमी करा आणि थोडा वेळ इकडे कान द्या.

आजवर आपण कोकम, काजू, पापड, कुक्कुटपालन यांवर बोललो. आजचा विषय वेगळा आहे. आमच्या गटातल्या बायकांनी एक जुनी, गंजलेली फियाट घरच्या खळ्यात दुरुस्त केली, त्याची ही हकिकत. आम्हां कोणालाच यातलं काही येत नव्हतं. पान्याचे नंबर असतात हेसुद्धा तेव्हाच कळलं. म्हणून जमलं ते सांगू, आणि चुकलं तेही सांगू. त्यातली एक चूक आमच्या एका मुलीच्या हातावर बेतली होती.

गाडी आमच्या गटातल्या काकींची. काका मुंबईत ड्रायव्हर होते. निवृत्त होताना त्यांनी जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली आणि गावी आणली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी तुम्ही पाहिली असेल, तीच ही गाडी. मूळ मॉडेल इटलीच्या फियाटचं, अकराशे सीसीच्या आसपास इंजिन, गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या होत. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. पण गावागावांत पडवीत, मांगरात अशा गाड्या अजून उभ्या आहेत.

काका गेले आणि गाडी मांगरात राहिली. सहा पावसाळे. आमच्याकडचा पाऊस आणि समुद्रावरचा खारा वारा तुम्हाला माहीत आहे. भंगारवाला आला, पंधरा हजार म्हणाला. मुंबईचा मुलगा म्हणाला, "देऊन टाक." काकी गप्प राहिल्या आणि पुढच्या बैठकीत त्यांनी वीस हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं.

बैठक सोपी नव्हती. एक ताई म्हणाली, "म्हशीला दिलं तर दूध तरी मिळेल. ही गाडी काय देणार?" प्रश्न बरोबर होता. खासगी नंबराची गाडी भाड्यानं चालवता येत नाही, म्हणजे कमाई नाहीच. काकी म्हणाल्या, "काजूच्या पैशातून हप्ता फेडीन. रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर वाडीत एक तरी गाडी असू दे." शेवटी कर्ज मंजूर झालं, आणि हाताखाली लागेल ती मदत करायची असंही ठरलं.

आता पहिली चूक. तेव्हा श्रावण चालू होता. चतुर्थीला मुलगा येणार, त्याच्या आधी गाडी छान दिसावी असं सगळ्यांनाच वाटलं. आम्ही वरवर पॉलिश पेपर मारला, भोकांत लांबी भरली आणि पांढरा रंग चढवला. चार हजार दोनशे रुपये गेले. गाडी अशी चकचकीत झाली की शेजारपाजारचे बघायला आले. महिन्याभरात रंगाला फोड आले. नखानं दाबला की फोड फुटायचा आणि आतून तांबडी भुकटी गळायची.

असं का होतं? लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंज धरतो. मीठ असेल तर लवकर धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो वरचा रंग उचलतो. शिवाय तो भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो. वरून रंग मारला तरी आत त्याचं काम चालूच राहतं. हे आपल्याला नवीन नाही. बिडाचा तवा धुऊन तसाच ओला ठेवला तर काय होतं? म्हणून आपण तो घासतो, चुलीवर कोरडा करतो आणि मग तेलाचा हात फिरवतो. गाडीचंही हेच. आम्हाला तव्याचं ज्ञान होतं, ते गाडीपाशी आठवलं नाही.

फोड दिसूनही आम्ही शहाणे झालो नाही. दिवाळीनंतर चाक काढायचं म्हणून दाराखालच्या पट्टीला जॅक लावला. या पट्टीला गॅरेजवाले सिल म्हणतात. वरून पांढरीशुभ्र, गुळगुळीत. जॅक चढवला, चाक सुटलं, आणि 'कर्र' असा आवाज झाला. जॅक पत्र्यातून आत घुसला आणि गाडी खाली बसली. आमच्यातली सर्वांत धाकटी मुलगी नुकतंच चाक ओढून घेऊन बाजूला झाली होती. एक श्वास उशीर झाला असता तर हात खाली होता. काकी धावत आल्या. गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. "पोरीच्या हाताक लागला नाय मा?" एवढंच विचारलं आणि पायरीवर बसून राहिल्या.

त्या रात्री आम्हाला कळलं की आपण नुसते पैसे घालवले नव्हते. गंज रंगाखाली लपवला, आणि लपवलाय हे विसरून त्याच्यावर गाडीचा भार दिला. ट्रक-जीपला खाली वेगळी चासी असते. या फियाटला तशी नाही. तळाचा पत्रा, सिल आणि वरची बॉडी मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. त्यामुळे तिथला गंज म्हणजे घराच्या खांबाला लागलेली वाळवी.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. आता क्रमानं सांगतो. तुमच्या दारात अशी गाडी असेल तर याच क्रमानं जा.

पहिलं, कागद. पानाबिना नंतर हातात घ्या. मालक वारला असेल तर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरच्या फॉर्मवर गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. काकींना हे कोणी सांगितलंच नव्हतं. उशिराचा दंड आणि मुलाचं संमतीपत्र देऊन गाडी त्यांच्या नावावर झाली. त्यांच्या नावावरची ही पहिली वस्तू. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. विमाही लागतो. आणि बॉडीवर चासी नंबर कोरलेला असतो, तिथे घासू किंवा कापू नका.

दुसरं, तपासणी. एक साधा लोहचुंबक घ्या आणि बॉडीवरून फिरवा. लोखंडाला चिकटेल, लांबीला चिकटणार नाही. म्हणजे आधीच्या मालकानं किंवा आमच्यासारख्या शहाण्यांनी कुठे काय लपवलंय ते कळतं. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. चांगला पत्रा ठणठणतो, कुजलेला भद्द वाजतो. आतल्या मॅट उचला. बॅटरीखाली, डिकीत, दाराच्या खालच्या कडेला नीट बघा. जिथे गंज दिसला तिथे खडूनं गोल करा. आमची गाडी खडूनं भरून गेली होती.

तिसरं, पाणी कुठून येतं ते शोधा. आम्ही गाडीवर बादलीनं पाणी ओतलं आणि एकजण आत टॉर्च घेऊन बसली. पुढच्या काचेचं रबर कडक झालं होतं, तिथून पाणी थेट मॅटखाली जात होतं. दारांच्या तळाला पाणी जायला भोकं असतात, ती पालापाचोळ्यानं बुजली होती. नुसतं ठिगळ लावलं असतं आणि ही वाट तशीच ठेवली असती, तर दोन पावसाळ्यांत तेच झालं असतं.

चौथं, खोलणं. काही खोलण्याआधी बॅटरीची तार काढा. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या. आमच्याकडे मसाल्याच्या रिकाम्या पिशव्या होत्या. एका पिशवीत एका जागचे बोल्ट आणि वर चिठ्ठी, 'पुढचं दार, डावं' अशी. गंजलेल्या बोल्टवर जोर लावला तर तो तुटतो. गंज सोडवणारं तेल सोडा, हलकेच ठोका, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा. एका बोल्टनं आम्हाला चार दिवस खेळवलं.

पाचवं, जिवाची काळजी. गाडी जॅकवर असताना खाली कोणीही जायचं नाही. सपाट, टणक जमिनीवर लोखंडी स्टँड लावायचे, तेही मजबूत जागी, आणि उरलेल्या चाकांना दगडाची ओट. घासताना डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क, हातात मोजे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवण्यापेक्षा वॉटर पेपरनं ओलं घासा, आणि लगेच कोरडं करा. जुन्या ब्रेकच्या लायनरची धूळ फुंकू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आणि पेट्रोलची टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. वेल्डिंगच्या आधी टाकी गाडीतून काढून लांब ठेवा.

सहावं, गंज काढणं. वरवरचा गंज तारेच्या ब्रशनं आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून चमकदार लोखंड लागेपर्यंत काढायचा. खाचखळग्यात राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्ल असलेलं गंजनाशक मिळतं. ते लावलं की गंज काळपट होऊन बसतो. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, पुसा, आणि त्याच दिवशी प्राइमर मारा. कोकणात उघडं लोखंड रात्रभर ठेवलंत तर सकाळी पुन्हा तांबूस झालेलं दिसेल. हे काम आम्ही डिसेंबर-जानेवारीत केलं, हवा कोरडी असताना. आणि लक्षात ठेवा, प्राइमर पाणी अडवत नाही. त्यावर रंग हवाच.

सातवं, आपलं काय आणि दुसऱ्याचं काय. घासणं, खोलणं, साफ करणं, नोंदी ठेवणं हे आपण करू शकतो. सिलचं वेल्डिंग आणि ब्रेक हे जाणकाराचंच काम. वेल्डरनं कुजलेला पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला आणि नवा पत्रा जोडला. एका वेळी एकच बाजू, आणि आधी दाराच्या चौकटीत आडवा आधार जोडून. नाहीतर गाडी वाकते आणि मग दारं लागत नाहीत. आम्ही जवळ बसून बघत होतो, पाण्याची बादली आणि ओली गोणपाटं घेऊन. नव्या सिलच्या आत तेल सोडून घेतलं. ब्रेकचं ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून जुनं सगळं बदललं. ते रंगावर सांडलं तर रंग उतरतो, हेही कळलं.

इंजिन अडकून बसलं होतं. मिस्त्रींनी प्लग काढून भोकांत थोडं तेल सोडायला सांगितलं. आठवड्यानं गाडी चौथ्या गियरमध्ये टाकली आणि आम्ही सहाजणींनी मागून हलवली. पुढे, मागे, पुढे, मागे. तिसऱ्या दिवशी इंजिन आतून फिरलं. काकी म्हणाल्या, "सुटला!"

आता हिशोब, कारण गटात हिशोबाशिवाय भाषण संपत नाही. वाया गेलेला रंग ४,२००. वेल्डिंग आणि पत्रा १६,०००. ब्रेक ८,५००. टायर आणि बॅटरी १७,०००. टाकी, कार्बोरेटर, पाइप ५,०००. प्राइमर, पेपर, थिनर, नवा रंग ३,३००. एकूण ५४,०००. कागदपत्रांचा खर्च वेगळा. पहिलं कर्ज वीस हजारांचं. वेल्डरचा आकडा ऐकल्यावर गटातल्या निम्म्याजणी थांबू या म्हणाल्या. तेव्हा ठरलं की या वर्षी फक्त तळ, सिल आणि ब्रेक. दिसण्यावर एक रुपयाही नाही. म्हणून आणखी दहा हजार मंजूर झाले. काजूचे सात हजार काकींनी घातले. टायर-बॅटरीचे पैसे मुलानं पाठवले, त्याच मुलानं. वाया गेलेले ४,२०० वहीत वेगळ्या ओळीत लिहायचे असा काकींनीच आग्रह धरला.

म्हशीचं बोलणाऱ्या ताईचं म्हणणं आजही खोटं ठरलेलं नाही. गाडीनं एक रुपया मिळवलेला नाही. पण गेल्या जूनमध्ये रात्री तिच्याच सासऱ्यांना दम लागला, तेव्हा त्याच धाकट्या मुलीनं गाडी काढली. तिनं मधल्या काळात लायसन्स काढलं होतं. सासरे आता बरे आहेत. ताई त्याबद्दल काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी येऊन गाडीचा चिखल मात्र धुऊन गेली, आणि धुतल्यावर दाराखालची भोकं काडीनं मोकळी केली.

गाडी दिसायला अजून गोधडीसारखी आहे. रंग आम्ही ब्रशनं मारलाय, त्याच्या रेघा दिसतात. लोक विचारतात, चांगला रंग कधी मारणार? काकी सांगतात, "एक पावसाळो काढूया. फोड इले नाय तर मगे बघू."

तर मैत्रिणींनो, तुमच्या पडवीत अशी एखादी गाडी असेल, तर उद्या एवढंच करा. रंगाच्या दुकानात जाऊ नका. आतली मॅट उचला, चुंबक फिरवा, आणि कागद कोणाच्या नावावर आहेत ते बघा. त्यातून जे दिसेल ते गटाच्या बैठकीत मोकळेपणानं सांगा. गाडी ठेवायची की भंगारात द्यायची, ते त्यानंतर ठरवा. भंगारात द्यायचं ठरलं तरी त्यात कमीपणा नाही.

आमची हकिकत संपली. भात खाली उतरवा. नमस्कार.