धाडसाला कारण कशाला?



'एलियन्स' हा इंग्रजी चित्रपट १९८६चा. त्याच वर्षी ॲलन डीन फॉस्टर यांनी पटकथेवरून त्याची कादंबरी लिहिली. यातली रिप्ली अंतराळात ५७ वर्षं झोपून परतते, तेव्हा तिची मुलगी म्हातारी होऊन वारलेली असते. हा प्रसंग चित्रपटातून कापला गेला, कादंबरीत मात्र राहिला. पडद्यावर तो विस्तारित आवृत्तीत पाहायला मिळतो.

कादंबरी वाचून आपल्यात दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, "लेक गेल्याचं कळलं, म्हणूनच अनाथ न्यूटसाठी तिचं जिवावर उदार होणं पटतं." काहींनी विचारलं, "पुरुषाच्या धाडसाला असा खुलासा लागतो का?"

मला दोन्ही म्हणणी पटतात. रिप्लीचं दुःख खरंच आहे. पण समुपदेशनाला आलेल्या बाईला मीही सवयीनं आधी विचारते, "मुलं किती?" मग मूल नसलेलीचं दुखणं नकळत हलकं ठरतं. १९७९च्या पहिल्या चित्रपटात रिप्ली कुणाची आई म्हणून लढली नव्हती. स्वतःचा जीव वाचवायचा, एवढं कारण तिला पुरलं. आपल्या दारी येणाऱ्या बाईलाही ते पुरायला हवं.