परदेशचा व्हिसा : कोणता घ्यावा?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



विडी, पितळेची भांडी, कोशाचे विणकाम हे आपल्या भंडारा जिल्ह्याचे जुने धंदे आता घरातल्या सगळ्या मुलांना पुरत नाहीत. म्हणून तुमसर असो वा पवनी, वेल्डिंग किंवा गवंडीकाम शिकलेला मुलगा आखाती देशाचे नाव काढतो. त्याने जाऊ नये असे मी म्हणणार नाही. पण आपण पालक पगार किती ते विचारतो, व्हिसा कोणता हे विचारीत नाही.

एजंट सांगतो, "आता व्हिजिट व्हिसावर निघा, तिकडे कामाचा करून घेऊ." ही घाई का, ते समजून घ्या. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ई.सी.आर.' अशी नोंद असते. सौदी अरेबिया, अमिरात, कतार, कुवेत, ओमान, बहारीन धरून १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्यास १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' यांची मंजुरी लागते. त्यासाठी मालकाशी झालेला करार दाखवावा लागतो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये! व्हिजिट व्हिसावर गेलेल्यास हे काहीच नाही. एजंटची सोय होते. परांचीवरून पडलेल्या मुलाच्या आईबापांनी मग कोणाच्या दारात जावयाचे? शिवाय अमिरातीत अशा व्हिसावर काम करणे बेकायदेशीर आहे, आणि मुदत उलटली की दंड रोज चढत जातो.

दुसरा प्रकार 'आझाद व्हिसा'. नाव गोड आहे, पण आझादी त्यात नाही. कफील कागदावर एक, काम दुसऱ्याच ठिकाणी. सौदी कामगार कायद्याप्रमाणे इकाम्याची फी मालकाने भरावयाची असते. येथे ती कामगाराकडूनच वसूल होते, आणि पकडला गेला तर परत पाठवणीही त्याचीच. उमऱ्याच्या व्हिसावर जाऊन कामाला लागणे तर मला फारच खटकते. इबादतीसाठी मिळालेला परवाना तो.

तेव्हा नोकरीचाच व्हिसा घ्या. व्हिसावरचा हुद्दा आणि करारातला हुद्दा एकच आहे ना, ते पाहा. एजंटचा सरकारी नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. त्यास ३०,००० रुपये व त्यावरील जी.एस.टी. यापेक्षा जास्त घेता येत नाही. पावती मागा. पावतीस नाही म्हणणाऱ्याकडून उठून यावे.

विद्यार्थी मित्रांनो, दहावी झालात की ही मंजुरी लागत नाही. याचा आनंद जरूर माना, पण आता तुमचा करार तपासणाराही कोणी नाही, तो तुम्हालाच वाचावा लागेल. ज्याला अरबी वा इंग्रजी करार वाचता येत नाही, त्याने येथील शिक्षकांकडून वाचून घ्यावा. बायकामुलांना नेण्याचा विचार असेल तर हिशेब आधी करा. सौदीत खाजगी नोकरीवरील परदेशी माणसास कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दरमहा फी द्यावी लागते. २०१७ साली ती १०० रियाल होती, २०२० पासून ४०० आहे. बायको आणि दोन मुले म्हणजे महिन्याला १,२०० रियाल, घरभाडे वेगळे.

जे पुढील शिक्षणासाठी जाणार, त्यांना विद्यार्थी व्हिसाच हवा आणि त्यासाठी पैशांची सोय दाखवावी लागते. केंद्राची 'पढो परदेश' ही व्याजसवलत २०२२-२३ पासून बंद झाली आहे, तिच्या भरवशावर कोणी राहू नये.

आणखी एक, ते पालकांसाठी. शाळेच्या दाखल्यावर 'मो.', आधारवर 'मोहम्मद', रेशनकार्डावर 'मोहम्मद शेख' अशी एकाच मुलाची तीन नावे आपल्या घरोघरी आहेत. नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयात अर्ज गेला की ही गाठ सुटत नाही आणि महिने जातात. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी मुलाचे आणि मुलीचे नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. दुरुस्ती त्या वेळी शाळेतच होऊ शकते, मुख्याध्यापकांना येऊन भेटा.