सुईची जखम आणि श्रमाचा हिशेब



कारखान्यात कामगाराचा हात यंत्रात सापडला, तर रक्त सर्वांना दिसते, आरडाओरड होते आणि निदान पंचनामा तरी होतो. रुग्णालयाच्या कचऱ्यातील सुई सफाई करणाऱ्या बाईच्या बोटात रुतते, तेव्हा यांतले काहीच घडत नाही. रक्ताचा थेंब पदराला पुसला जातो आणि काम पुढे चालू राहते. रोग प्रकट होतो तो काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. तोवर ठेकेदार बदललेला असतो आणि त्या जखमेची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही.

रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांत तीन विषाणू प्रमुख आहेत : हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. दूषित सुई टोचल्यावर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. हिपॅटायटिस सीची सुमारे दोन टक्के किंवा त्याहून कमी. हिपॅटायटिस बीची मात्र, लस न घेतलेल्या माणसाला, ६ ते ३० टक्के. म्हणजे ज्याची धास्ती सर्वाधिक, त्याचा धोका सर्वांत कमी; आणि ज्याचा धोका सर्वाधिक, त्यावर खात्रीची लस उपलब्ध आहे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ही लस देशात तयार करून बाजारात आणली आणि परदेशी लशीची चढी किंमत खाली आली. तेव्हा तीन मात्रांचा खर्च परवडत नाही, ही सबब आज कोणत्याही रुग्णालयाला सांगता येणार नाही.

कायदाही मुका नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया व धारदार वस्तू न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यातच टाकावयाच्या आहेत. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. नियम ‘प्रत्येकाला’ असे म्हणतो. कायम आणि कंत्राटी असा भेद करीत नाही. एचआयव्हीविषयक २०१७ च्या कायद्याने धोक्याच्या जागी काम करणाऱ्यांना संरक्षक साधने आणि जखमेनंतरचे प्रतिबंधक औषध देणे बंधनकारक केले. हे औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते.

मग अडते कोठे? अडते ते अर्थव्यवहारात. सफाईचे काम ठेक्याने दिले की रुग्णालयाचा खर्च कमी झालेला दिसतो. वस्तुतः तो कमी होत नाही. तो कागदावरून पुसला जाऊन कामगाराच्या यकृतात जाऊन बसतो. हातमोजे, डबे, लस यांवर न केलेला खर्च पुढे त्या कुटुंबाच्या कर्जाच्या रूपाने वसूल होतो. आणि जखम सांगितली तर रोज बुडेल, कदाचित कामही जाईल, या भीतीने ती स्त्री गप्प राहते. तिच्या मौनालाच व्यवस्थापन सुरक्षिततेचा पुरावा मानते.

हे चित्र पालटता येते. अमेरिकेत कर्मचारी संघटनांच्या रेट्यामुळे १९९१ साली मालकाने स्वखर्चाने लस द्यावी असा नियम झाला आणि २००० साली सुरक्षित सुयांचा कायदा आला. तेथील आरोग्य कर्मचाऱ्यांतील हिपॅटायटिस बीची लागण १९८० च्या दशकाच्या तुलनेत नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरातही हे मालकाच्या कनवाळूपणाने घडले नाही, हे ध्यानात ठेवावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भयभीत कामगार कधी कधी ‘आधी रुग्णाची तपासणी करा, मगच आम्ही हात लावू’ अशी मागणी करतात. ती समजण्यासारखी असली तरी चुकीची आहे. लागण झाल्यावर प्रारंभीच्या काळात तपासणीत दोष दिसत नाही. शिवाय संमतीविना तपासणी हा रुग्णावर अन्याय आहे. प्रत्येकाचे रक्त दूषित असू शकते असे मानून सर्वत्र सारखीच काळजी घेणे, हाच शास्त्रीय मार्ग. त्यात कामगार आणि रुग्ण, दोघांचेही हित आहे. श्रमिकाला रुग्णाविरुद्ध उभे करणारी मागणी समाजवादी कार्यकर्त्याने उचलून धरू नये.

कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या रुग्णालयात जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. कंत्राटी सफाई कामगारांना कामाच्या पहिल्या दिवसापूर्वी लस सुरू होते काय? पांढरे डबे प्रत्येक कक्षात आहेत काय? सुई टोचल्याची नोंदवही आहे काय, आणि नोंद करणाऱ्याचा रोज कापला जात नाही ना? रात्रपाळीतही प्रतिबंधक औषध मिळते काय? नोंदवही कोरी असेल, तर तेथे अपघात होत नाहीत असे समजू नये. तेथे कामगार बोलू शकत नाही असे समजावे, आणि संघटनेचे काम तेथूनच सुरू करावे.