धुराडे कोणी साफ करायचे?

मी अंधेरीला राहतो. गॅस आला आणि चूल गेली, असे आम्हा शहरातल्यांना वाटते. पण इथून अवघ्या काही मैलांवर, आरे वसाहतीतल्या आदिवासी पाड्यांवर आजही सांजेला चुलीचा धूर दिसतो. खेड्यांत तर विचारायलाच नको. 2016 साली उज्ज्वला योजना आली, गरीब घरांत सिलिंडर पोचले. तरी भाकरीला आणि अंघोळीच्या पाण्याला पुष्कळ ठिकाणी लाकूडच जळते.

निर्धूर चूल काही नवी नाही. 1983 च्या सुमारास सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम देशभर हाती घेतला. पुढे माझ्या आजोळीही तशी एक चूल बसली. वर्षभर आजी खूश! मग धूर उलटा घरात येऊ लागला. ‘ही चूल असलीच!’ म्हणून आम्ही ती फोडली. पाहतो तर काय, धुराड्यात काजळी गच्च बसलेली! दोष चुलीचा नव्हता, आमचा होता. बांधणारा बांधून गेला, आजी रांधत राहिली. धुराडे साफ कोणी करायचे, हे कुणी ठरवलेच नाही. आजीचे डोळे मात्र शेवटपर्यंत चुरचुरत राहिले.

तेव्हा, मंडळी, घरातल्या एका धडधाकट पुरुषाकडे हे काम सोपवून टाका. महिन्यातून एकदा, चूल पुरती निवल्यावर, लांब काठीला चिंध्या बांधून धुराडे आतून पुसावे आणि बुडाशी पडलेली काजळी काढावी. ही काजळी पेट घेऊ शकते. म्हणून नळा छपरातून जातो तिथे गवत किंवा लाकूड त्याला टेकू देऊ नका. चुलीला फटी पडल्या तर माती-शेणाने लिंपा. मग चुलीत मूठभर पाला पेटवून पाहा. धूर घरात आला, तर काम अपुरे राहिले समजा. ओले लाकूड जाळू नका. त्याने काजळी वाढते. आणि थंडीच्या दिवसांत निखारे घरात ठेवून, दारे लावून निजू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो.

शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या वर्गात मुलांना एवढेच विचारा, ‘तुमच्या घरचे धुराडे कोण साफ करते?’ मुले गप्प राहिली, तर काय ते समजा, आणि संध्याकाळी त्यांच्या वडिलांची गाठ घ्या.